सिद्रामप्पांचं विसरणं

सोमवार, मे १९७३, दुपारची गाडी. हजर : स्टेशन मास्तर, ड्रायव्हर, फायरमन, बुकिंगवर मी, पंपावर सिद्रामप्पा. शिवाय रुळाकडेला घागरी घेऊन गावच्या चोवीस बायका.

ढोकीजवळचं आमचं स्टेशन छोट्या गाडीचं, अडीच फुटी रुळाचं. दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या. पाणी उरलं ते फक्त रेल्वेच्या विहिरीत, आणि ते इंजिनासाठी राखीव. बाहेर थेंबही द्यायचा नाही, असा हुकूम. आप्पा इंजिनाच्या टाकीत पाईप सोडत आणि टाकी भरत आली की पंपाकडे पाठ करून तंबाखू मळत बसत. पाणी उतू जाई, बायका घागरी लावत.

"आप्पा, आज जरा जास्त विसरा की!" गिरजाबाई ओरडायची.

"गप गं! विसरायलाबी टाइम लागतो."

मग स्वतःच रजिस्टरात लिहीत : 'माझ्या चुकीने पाणी सांडले.'

"कशाला लिहिता? कोण बघतंय?" मी एकदा चिडून विचारलं.

"म्या न्हाय लिवलं तर मास्तरांवर येतंय, बाबू. त्यांची बदली झाली तर नवा मास्तर पाठ फिरवू देईल व्हय?"

आप्पांची बायको कुर्डुवाडीला, अंथरुणाला खिळलेली. बदलीचा अर्ज तीन वर्षं पडून होता. पंपावर दुसरा माणूस नाही, म्हणून रजाही मिळेना. त्यांनी पाणी भरलेली गाडी मात्र रोज संध्याकाळी कुर्डुवाडीला पोचे.

"माझं पाणी रोज घरला जातंय," ते गाडीकडे बघत म्हणत. "म्याच तेवढा हितं."

जूनमध्ये वरचे साहेब आले. रजिस्टर चाळून म्हणाले, "मुद्दाम सोडलंस ना?"

मुद्दाम म्हटलं, तर बायकांवर चोरीची केस होणार होती.

"न्हाय साहेब. विसरलो."

शेरा पडला : कामात हलगर्जी, बदली नामंजूर. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. माझी नोकरी कच्ची होती. मी केली.

पुढच्या वर्षी बायको गेल्याचा निरोप कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं आला. आप्पांनी आधी दुपारच्या गाडीची टाकी भरली, मग तिच्यात बसले. ते येईपर्यंत पंप मी सांभाळला. तेराव्यानंतर ते परत आले, ते शेवटपर्यंत तिथंच राहिले. पंपाशेजारच्या खोलीतच वारले.

आता या लाईनीचा इतिहास मी जुळवायला घेतलाय. स्टेशनं, इंजिनं, माणसं, सगळ्या याद्या पुऱ्या झाल्या. आप्पांच्या नावापुढे ऑफिसनं एकच शब्द कळवलाय : हलगर्जी. तो खोटा होता आणि मला तेव्हाच माहीत होतं, असं माझ्या सहीनिशी लिहून द्यायचं आहे. कागद टेबलावर आहे. तारीख घातली आहे. खाली अजून काही नाही.