काळुरामच्या वाट्याचा बांध

आमच्या ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रभाकरराव उपदेशकांना आज्ञापालनावर बोलायचे असले की हमखास काळुरामची आठवण होई. कोलशेतचा एक साधा आगरी, पण शेत बुडत असतानाही त्याने प्रभूचा दिवस मोडला नाही, असे ते सांगत आणि तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसलेल्या काळुरामकडे हात करत. साऱ्या माना वळत. काळुराम आपल्या पायांकडे बघत राही. मला त्या वेळी प्रभाकररावांचा फार राग येई. गोष्ट खोटी नव्हती, पण अर्धी होती, आणि अर्धी गोष्ट सांगणाऱ्याच्या गळ्याशी कधी येत नाही.

उरलेली अर्धी मी सांगतो. मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो आणि उपासनेत काळुरामच्या शेजारी माझी जागा होती. वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसले की माणूस हळूहळू बोलतो.

कोलशेतची भातशेती खाडीच्या तोंडातून काढलेली. मध्ये एक मातीचा बांध, एवढाच काय तो खाडीचा आणि भाताचा करार. बांधाचे घरटी वाटे पाडलेले असत. ज्याचा वाटा त्याने राखायचा, चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळे बुजवायची, उधाणाआधी चिखल थापायचा. कुणाच्या वाट्यात खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर गाव धावून येई. पण फुटल्या जागी सगळ्यांत खाली, पाण्यात, त्याच घरच्या माणसाने उभे राहायचे, अशी रीत होती. काळुरामने बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्याला वाळीत टाकले. विहीर तोडली, लग्नकार्याची बोलावणी तोडली. बांधाचा वाटा मात्र तसाच त्याच्याकडे ठेवला. कोण वाळीत आहे आणि कोण नाही, हे खाडीला कुठे कळते?

त्याची बायको गोदा काही ख्रिस्ती झाली नाही. माहेरच्यांनी निघून ये म्हणून सांगितले, तरी ती गेलीही नाही. "तुजा देव तुज्या संगती, मी तुज्या संगती," एवढे ती नवऱ्याला म्हणाली आणि चुलीकडे वळली. मला विचाराल तर सबंध ठाण्यात एवढ्या थोडक्या शब्दांत एवढे मोठे वचन कुणी दिले नसेल.

काळुरामला अक्षरओळख नव्हती. दहा आज्ञा तो प्रभाकररावांकडून तोंडी शिकला, बोटांवर धरून. त्यातल्या चौथ्या बोटाला, म्हणजे प्रभूच्या दिवशी काम न करण्याच्या आज्ञेला, त्याने जी मूठ मारली ती कधी सोडली नाही. रविवारी, त्याच्या आयतवारी, तो गवताची काडी मोडत नसे. आम्ही शहरातले ख्रिस्ती उपासनेहून परतताना बाजारातून मासळी घेऊन जात होतो, हे त्याला दिसत असे. म्हणून आम्ही टोपली उपरण्याआड करत होतो खरे. एकदा मी त्याला विचारले, इतके ताणून का धरतोस? तो म्हणाला, "चिंबोरी बांधाला बोटाएवढा भोक पारते. तेवढ्यान आख्खी खाडी आत येते. आज्ञेचा पन तसाच हाय."

खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला याहून वेगळे सुचणार तरी काय? त्याने देवाची आज्ञा बांधासारखी राखली. आज्ञा आणि बांध यांत काही फरक असतो, हे त्याला कुणी सांगितले नाही.

अठराशे ऐंशीच्या आगेमागे एका वर्षी भाद्रपदातली अमावस्या रविवारी आली. त्या दिवसांतले उधाण वर्षातले सगळ्यांत दांडगे, आणि भात नेमके पोटरीला, कणीस बाहेर पडायच्या बेतात, आलेले. गावात घरोघर पितरांची पाने वाढायची गडबड होती. बांधावर चिटपाखरू नव्हते. सकाळी गोदा बांधावरून फिरून आली आणि म्हणाली की आपल्या वाट्यात चिंबोऱ्यांनी बिळे केली आहेत, बांध आतल्या बाजूने पाझरतो आहे. दोन टोपल्या चिखल थाप आणि मग ठाण्याला जा.

काळुराम म्हणाला, उद्या थापतो.

"दुपारचा उधान उद्यापर्यंत थांबल का?" गोदाने विचारले.

 त्याने मला सांगितले की त्या वेळी पाय बांधाकडेच ओढत होते. म्हणूनच त्याला वाटले की ही परीक्षा आहे. त्याने धुतलेली बंडी घातली आणि घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याकडे चालू लागला. वळून पाहिले तेव्हा गोदा टोपली शोधत होती. त्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला होता. गीते म्हटली, प्रार्थना केली. प्रभाकररावांनी त्याला दहा आज्ञा पाठ म्हणायला सांगितल्या, त्याही त्याने न चुकता म्हटल्या.

दुपारी तो परतला तेव्हा त्याच्या वाट्यातला बांध नव्हता. खाडी सरळ भातात शिरली होती. पानावरून उठून आलेले लोक कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि त्याचा थोरला भाऊ राघो पाण्यात हात घालून काहीतरी चाचपत होता.  घरच्या माणसाने सगळ्यांत खाली उभे राहायचे ही रीत गोदाने पाळली होती. बांध कोसळला तो तिच्यासकट. आधी टोपली सापडली, नंतर तिवराच्या झाडांच्या मुळांत अडकलेली ती.

गावाने काळुरामला अग्नी देऊ दिला नाही. तो राघोने दिला. नवरा लांब बाभळीखाली उभा होता. त्यांची लहान मुलगी जया, तिला गोदाचा भाऊ डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला घेऊन गेला. काळुराम तिला भेटायला चालत जाई. त्याला अंगणातच बसवत, आणि पोर दाराआडून बाहेर येत नसे. पुढे तो जायचा थांबला. शेत खारावले. ते पुन्हा उठवायला कुणाला उमेद नव्हती, म्हणून गावाने आतल्या बाजूने नवा बांध घातला आणि काळुरामचे शेत खाडीला सोडून दिले.

एवढे होऊनही तो दर रविवारी येई. त्याच्यापाशी एकच गोष्ट उरली होती. "गोदा गेली, शेत गेला. पन मी देवाची आज्ञा पालली," असे तो म्हणे. अभिमान त्यात तीळभर नव्हता. बुडणारा माणूस खुंट्याला धरतो तसे त्याने ते वाक्य धरले होते. म्हणून प्रभाकरराव त्याची गोष्ट सांगत तेव्हा मी राग गिळून गप्प बसे. ती गोष्ट अर्धी का होईना, त्याला जगवत होती.

मग एका रविवारी, वाचनाचा क्रम तसा आला म्हणून, प्रभाकररावांनी शुभवर्तमानातला एक भाग वाचला. विश्रामाच्या दिवशी येशू एका आजाऱ्याला बरे करतो आणि सभोवतालच्या धर्मपंडितांना विचारतो, की तुमच्यातल्या कुणाचा बैल त्या दिवशी विहिरीत पडला, तर तो त्याला तिथल्या तिथे बाहेर काढणार नाही काय? प्रभाकररावांनी पान उलटले. बाकाच्या टोकाला काळुराम उभा राहिला होता. इतक्या वर्षांत तो उपासनेत कधी आपण होऊन उभा राहिला नव्हता.

"मास्तर, ह्या तवा पन पुस्तकान व्हता का?"

आगरी माणूस देवाला आणि मास्तरला एकेरीतच बोलतो. प्रभाकरराव म्हणाले, हो, होते.

"मंग मना का नाय सांगलास?"

 उपासनेनंतर बोलू, असे काहीतरी प्रभाकरराव पुटपुटले.

काळुराम तसाच उभा होता. "माजी गोदा बैलापरीस हलकी व्हती का?" त्याने विचारले. आवाज चढवला नाही. जे विचारायचे ते विचारून तो बाहेर गेला, आणि आम्ही सारे शहाणे आपापल्या पुस्तकांत डोके घालून बसलो. त्या दिवशी मला प्रभाकररावांचा राग आला नाही. त्यांच्याकडे बघवतच नव्हते.

पुढच्या रविवारी त्याची जागा रिकामी राहिली. उपासना संपल्यावर प्रभाकरराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही बरोबर चला, मला एकट्याने जायचा धीर नाही. आम्ही दोघे भर उन्हात कोलशेतला गेलो. राघोने नुसते खाडीकडे बोट दाखवले.

जुन्या बांधाचा एक तुकडा अजून उभा होता. त्याच्या पलीकडे खाडी होती आणि अलीकडे, जिथे भात पिकत असे तिथेही, खाडीच होती. त्या तुकड्यावर काळुराम गुडघाभर चिखलात उभा राहून बिळे बुजवत होता. टोपली भरायची, थापायची, पुन्हा भरायची. राखायला आत काही उरले नव्हते, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

प्रभाकररावांनी जोडे काढले. पांढऱ्या अंगरख्याची बाही वर सारली, धोतर खोचले आणि चिखलात उतरले. आयुष्यभर पुस्तकाखेरीज काही न उचललेला तो माणूस. ते काळुरामजवळ गेले आणि भरलेल्या टोपलीला त्यांनी हात घातला. काळुरामने त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"आज आयतवार हाय, मास्तर," तो म्हणाला. "तू घरा जा."