शरदरावांची चौदा कलमं

कुमुदवहिनींचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होतो. नीला, माझी बायको, दारात येऊन नुसतीच उभी राहिली. ती अशी उभी राहिली की काहीतरी वाईट घडलेलं असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कळलेलं आहे. “शरदराव गेले,” ती म्हणाली. सकाळचा चहा घेऊन ते ट्रेलरच्या चाकांतली हवा तपासायला बाहेर गेले, अर्धा तास झाला तरी आत आले नाहीत म्हणून वहिनी बघायला गेल्या, तर ते चाकाला टेकून बसलेले होते आणि हवेचं गेज हातातच होतं. वय अठ्ठावन्न. हृदय... दुसरं काय. मी नळ बंद केला, पाय धुतले आणि आम्ही निघालो. त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता, आणि तो सांगायला आज मला लाज वाटते. गेलेल्या माणसाबद्दलचा नव्हता, स्वतःबद्दलचाच होता. एक गोष्ट चारचौघांत सांगायची राहून गेली, हा.

शरद देवस्थळी मूळचे सांगलीकडचे. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, उसाच्या गाड्यांचं वजन करत त्यांचा जन्म गेला. शरदराव मेकॅनिकल इंजिनिअर झाले, टेक्सासला आले आणि डॅलसच्या उत्तरेला स्थायिक झाले, तेव्हा आसपास नुसती शेतं होती. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, त्यांच्याच कंपनीत पहिली नोकरी लागलेला. पहिला महिना त्यांच्याच घरी जेवलो. आमच्यातले बाकीचे लोक मोठी घरं घेऊ लागले, मुलींना पियानोच्या क्लासला घालू लागले, तेव्हा शरदरावांनी एक दणकट पिकअप आणि अठ्ठावीस फुटी ट्रेलर घेतला. “इंजिनिअर माणूस आणि गुराख्याची गाडी?” असं लोक तोंडावर म्हणाले. शरदरावांचं उत्तर ठरलेलं होतं. “देशातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर नायगारा बघून मी चिंब झालोय. आता मला कोरडं काहीतरी बघू द्या.”

तो ट्रेलर फिफ्थ व्हील प्रकारचा. हा प्रकार पिकअपच्या पाठीमागे अडकवत नाहीत. पिकअपच्या उघड्या हौद्यात, मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच, एक जाड लोखंडी ताट बसवलेलं असतं. ट्रेलरच्या नाकाखाली एक खुंटी असते, किंगपिन, आणि ताटातला जबडा त्या खुंटीला धरतो. याला पाचवं चाक का म्हणतात ते शरदरावांनी मला दोनदा समजावलं होतं आणि मी दोन्ही वेळा विसरलो. एवढं मात्र लक्षात राहिलं की एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी त्या ताटावर यायला हवा; मागे वजन वाढलं की ट्रेलर पिकअपला हवं तसं हलवतो. आता गंमत अशी, की या ट्रेलरचं स्वयंपाकघर होतं अगदी मागे, आणि ते होतं कुमुदवहिनींच्या ताब्यात. पंचवीस किलो तांदूळ, डाळी, दोन कुकर आणि चक्क पाटा-वरवंटा! शरदरावांनी सगळं धान्याच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर नेऊन तोललं, आधी जोडून, मग सोडून. “वडिलांनी ऊस तोलला, मी कुमुदचा तांदूळ तोलतोय,” ते म्हणाले. “पाट्याशिवाय चटणी कशी होणार हो?” वहिनी म्हणाल्या. “चटणी कर की. पण पाटा पुढे, माझ्या पलंगाखाली.” ट्रेलरची झोपायची खोली बरोबर त्या खुंटीच्या वर असते. त्यानंतर प्रत्येक सहलीत तो माणूस पाट्या-वरवंट्यावर झोपला.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. पहिली मोठी सहल कोलोरॅडोची, आणि निरोप द्यायला शनिवारी सकाळी आमची सात-आठ कुटुंबं त्यांच्या घरासमोर जमली होती. कॅमेरे, थर्मास, पोरं, नारळ. शरदरावांनी पिकअप मागे घेतली, खटका वाजला, जबडा मिटवणारा दांडा आत गेला. यापुढचं काम म्हणजे वाकून, टॉर्च मारून, जबडा खुंटीला खरोखर मिटलाय का ते बघायचं आणि मग, ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच, त्याचे ब्रेक लावून गाडी हळूच पुढे ओढून खात्री करायची. तेवढ्यात दारातून वहिनींची हाक आली. “अहो, मुहूर्त टळतोय, दही घ्यायला या आधी!” प्रवासाला निघताना हातावर दही-साखर घेतल्याशिवाय घरातून पाऊल पडणार नाही, हा वहिनींचा नेम. शरदरावांनी टॉर्च माझ्या हातात दिला. “अविनाश, जबडा बघून ठेव, मी आलोच.”

मी बघितलं... म्हणजे उभ्यानेच बघितलं. दांडा आत गेलेला दिसत होता. नवीन कोरी पँट होती, वाकायचा कंटाळा आला, आणि कुणीतरी फोटोसाठी हाक मारत होतं. मीनल, त्यांची दहा वर्षांची मुलगी, पिकअपच्या मागच्या चाकावर चढून हौद्याच्या काठावर दोन्ही हात ठेवून फोटोला उभी होती, मीही शेजारी उभा राहिलो. मग वहिनींनी मीनलला कुंकू लावायला खाली बोलावलं. शरदराव हात पुसत परत आले. “बघितलास जबडा?” “हो, पक्का बसलाय.” एवढी माणसं हात हलवत थांबलेली. ओढून बघायचं राहिलंच. त्यांनी ट्रेलरचे पाय वर घेतले, मोरयाचा गजर झाला आणि गाडी हलली. ट्रेलरचं नाक दोन बोटं जास्त उंच राहिलं होतं. खुंटी जबड्यात गेलीच नव्हती, वरच्या वर टेकली होती. गाडी पुढे सरकली आणि अख्ख्या ट्रेलरचं नाक हौद्याच्या दोन्ही काठांवर आदळलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. डावा काठ जिथे सर्वांत जास्त चेपला, तिथे तीन मिनिटांपूर्वी मीनलचे हात होते.

कुणी काही विचारायच्या आत शरदराव खाली उतरून म्हणाले, “माझी चूक. मी बघितलं नाही.” मी तिथेच उभा होतो, हातात त्यांचाच टॉर्च. तोंड उघडलं नाही. पुढे गणपतीला, दिवाळीला, कुणी ना कुणी म्हणायचंच, “शरदराव, दही जपून हं!” आणि ते हसायचे. ते हसायचे याचा मला त्रास नव्हता. त्रास होता तो वहिनींचा. आपण अवेळी हाक मारली, आपल्या दह्यापायी पोरीचे हात जाता जाता राहिले, हे त्यांच्या मनानं घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या हातावर दही घातलं नाही. नीला एकदा मला म्हणाली, “वहिनींनी केवढं मनाला लावून घेतलंय बघ,” आणि मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

शरदरावांनी हौदा दुरुस्त करून घेतला आणि एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने चौदा कलमं लिहिली. त्याला प्लॅस्टिक चढवलं आणि तो पुठ्ठा ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या व्हायझरमागे खोचला. अक्षर शाळामास्तरांसारखं. पहिलं कलम: ‘आधी दही खाऊन घेणे, हात धुणे.’ वहिनी देईनात, तर ते स्वतः फ्रिज उघडून चमचाभर खात. सहावं: ‘जबडा स्वतः वाकून, टॉर्चने बघणे. कुणालाही विचारू नये.’ आणि शेवटचं: ‘मध्ये कुणी हाक मारली तर पहिल्यापासून.’ मी सहावं कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा कान तापले. नाव लिहिलेलं नव्हतं, गरजही नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं एकत्र निघालो आणि त्यांनी मुद्दाम मला चालवायला बसवलं. तेव्हा ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा होती, शरदराव पन्नासच्या वर जाऊ देत नसत. न्यू मेक्सिको संपता संपता मोठा घाट लागतो. माथ्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. “खालचा गिअर इथेच टाक, उतार लागल्यावर नाही. ब्रेक धरून बसू नकोस, दाब आणि सोड. आणि ट्रेलर डोलायला लागला तर पायाचा ब्रेक मारायचा नाही. ट्रेलरच्या ब्रेकचा हा छोटा दांडा हाताने दाबायचा, म्हणजे ट्रेलर एकटाच थांबायला बघतो आणि सरळ होतो.” पायथ्याशी उतरलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. बायका मागच्या बाजूला चहाच्या तयारीला लागल्या. मी धीर करून म्हटलं, “शरदराव, त्या दिवशी मी...” “गाडी कोण चालवत होतं?” “तुम्ही.” “मग संपलं की. चालवणाऱ्याने बघायचं असतं. आता चाकाजवळ हात ने, किती तापलंय सांग.” त्यांच्यापुरतं संपलं. माझंही संपलं असं मी धरून चाललो, ते सोयीचं होतं.

त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. ट्रेलर घरासमोर उभा राहिलेला वहिनींना बघवेना, म्हणून तो माझ्याकडे न्यायचं ठरलं. माझी जागा गावाबाहेर आहे. गेल्या शनिवारी मी पिकअपमध्ये बसलो आणि व्हायझर खाली केला. पहिलं कलम वाचलं आणि परत उतरून घरात गेलो. वहिनी टेबलाशी बसून आलेल्या पत्रांना उत्तरं लिहीत होत्या. मीनल, आता सोळा वर्षांची, शेजारी होती. मी म्हटलं, “वहिनी, दही द्या.”

“फ्रिजमध्ये आहे, तुम्हीच घ्या भावजी,” त्या वर न बघता म्हणाल्या. “माझ्या हाताने नको. ठाऊक आहे ना तुम्हाला.”

मग मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, जसं घडलं तसं. टॉर्च, नवी पँट, ‘पक्का बसलाय’. मीनलनं विचारलं, “सो इट वॉज यू, काका?” मी हो म्हटलं. वहिनी कितीतरी वेळ पेनचं टोपण लावत होत्या आणि काढत होत्या. “त्यांना ठाऊक होतं?” “त्यांनी मलाच विचारलं होतं, वहिनी. मीच हो म्हटलं होतं.” “मग मला का नाही सांगितलंत? दोघांपैकी एकानेही?” त्यांचा आवाज चढला. “सहा वर्षं, भावजी. तो माणूस घरातून निघताना फ्रिजशी उभा राहून चमचा चाटायचा, आणि मी बघत बसायची!” मी माफी मागितली, तीही फार उशिरा.

वहिनी उठल्या. आता दार दाखवतील असं मला वाटलं. त्यांनी वाटी काढली, दह्यावर साखर घातली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हात पुढे करायला मलाच वेळ लागला. तळहातावर दही घालून त्या म्हणाल्या, “खा. मग हात धुवा, आणि पहिल्यापासून सुरू करा.”

सहाव्या कलमापाशी मी जमिनीवर गुडघे टेकले, मान वाकडी करून आत टॉर्च मारला. जबडा खुंटीभोवती पूर्ण मिटलेला होता, ताट आणि ट्रेलर यांच्यात फट नव्हती. तरी पुन्हा एकदा बघितलं. उठलो तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. मीच मोठ्यानं सांगितलं, “वहिनी, वाकून बघितलं.”