न ऐकता म्हटलेलं हो

आमच्या ऑफिसात ज्याला सगळे होयबा म्हणतात, त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर आहे आणि तिथून ते कधी बाहेर आलेलं नाही. माझं टेबल त्याच्या शेजारी. तो बिल्ड बघतो, मी त्याने बांधलेल्यातल्या चुका काढते. त्यामुळे आमचं भांडण रोजचं, पण एकमेकांवाचून पान हलत नाही.

आम्ही लिफ्टचं सॉफ्टवेअर करतो. 'तिसरा मजला', 'दरवाजा बंद होत आहे' असं जे लिफ्ट बोलते, ते आम्ही तिच्याकडून बोलवून घेतो. बिल्ड म्हणजे सगळ्यांनी लिहिलेले तुकडे गोळा करून लिफ्टमध्ये घालायचं एक गाठोडं बांधणं. हे काम एक यंत्रणा आपोआप करते. आधी हे कर, मग ते कर, एवढं तिला होयबाने सांगायचं. घोडं अडायचं आवाजांपाशी. आवाज साफ करून गाठोड्यात भरणारा प्रोग्रॅम बाहेरचा, आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका काकांनी लिहिलेला. काका बोलघेवडे, मग त्यांचा प्रोग्रॅम तरी गप्प कसा बसेल? 'सुरू करू का?' 'जुनी प्रत बदलू का?' असं पावलोपावली विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत ढिम्म हलायचा नाही. यंत्रणा बिचारी काय उत्तर देणार? बिल्ड तिथेच रुसलेल्या जावयासारखा अडून बसायचा.

होयबाने तोड काढली. एका फाइलमध्ये ओळीखाली ओळ नुसतं 'हो' लिहिलं आणि यंत्रणेला सांगितलं, की काकांच्या प्रोग्रॅमने कीबोर्डकडे बघायचं नाही, उत्तरं या फाइलमधून घ्यायची. त्याने विचारायचं, फाइलने हो म्हणायचं. त्या दिवशी त्याला हे नाव पडलं. खरं म्हणजे फाइल नंतरची, माणूस आधीपासूनचा तसाच. साहेबांनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं, हो. कुणी आपलं काम त्याच्या गळ्यात मारलं, हो.

मग साहेबांची दुसरी कुरकुर. पडद्यावर अक्षरं सरकलेली त्यांना खपत नाहीत, बिल्ड झाला की एक हिरवा ठिपका दिसला पाहिजे, बस्स. होयबाने प्रोग्रॅमची सगळी बडबड, तक्रारींसकट, खड्ड्यात वळवली. खड्डा म्हणजे अशी जागा, जिथे काहीही टाकलं तरी मागे काही उरत नाही. मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्याचं तोंड बांधतोयस ते बांध, पण बोललेलं निदान एका फाइलमध्ये तरी साठव, उद्या लागलं तर वाचता येईल. तो हो म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी.

आता वहिनी. होयबाची बायको दवाखान्यात खिडकीशी बसून नंबर पुकारते. तिचा आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पेशंटसुद्धा उठून उभा राहतो. नव्या इमारतीच्या लिफ्टसाठी आवाज हवा होता, तेव्हा मीच तिचं नाव सुचवलं. तिने घरी बसून, पंखा बंद करून, मोबाइलवर सगळे मजले आणि दरवाजाची वाक्यं म्हणून पाठवली. आयुष्यभर लोकांचे नंबर पुकारले, कुणी कधी मान वर करून बघितलं नाही की हे बोलतंय कोण. आता तिला आपला आवाज स्वतःच्या कानांनी लिफ्टमध्ये ऐकायचा होता, आणि त्याहून जास्त जावेला ऐकवायचा होता.

ठिपका हिरवा झाला, त्याच्यावर विसंबून मीही आवाज ऐकून बघितले नाहीत, गाठोडं गेलं, आम्ही इमारतीत एक लिफ्ट चालू करून दिली. वहिनी जावेला घेऊन गेली. दोघी खालून वर गेल्या, वरून खाली आल्या. लिफ्टने फक्त 'टिंग' केलं. जाऊ म्हणाली, "तुझा आवाज किती बारीक झालाय गं."

दुसऱ्या दिवशी होयबा उतरलेल्या तोंडाने आला. मी त्याला खड्ड्याची वाट बंद करायला लावली, 'हो'ची फाइल काढायला लावली आणि बिल्ड पुन्हा सोडला. काकांचा प्रोग्रॅम एकदाचा पडद्यावर बोलला. काकांनी मध्यंतरी त्यात सुधारणा केली होती आणि एक नवा प्रश्न घातला होता: 'पहिला मजला या आवाजामागे दुसरं कुणी बोलतंय. वगळू का?' हाच प्रश्न त्याने आधी प्रत्येक वाक्याला विचारला होता, फाइलने प्रत्येक वेळी हो म्हटलं होतं. वगळून वगळून शेवटी 'टिंग' तेवढं उरलं.

मागे बोलतंय कोण, म्हणून आम्ही कानाला हेडफोन लावले. वहिनी म्हणत होती, पहिला मजला. पलीकडच्या खोलीतून फोनवर होयबा म्हणत होता, हो साहेब, हो हो. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तो हसला नाही. मग मलाही लाज वाटली.

संध्याकाळी त्याने घरी खरं ते सांगितलं. हे मला वहिनीनेच नंतर ऐकवलं. तो म्हणाला, "प्रोग्रॅमने विचारलं होतं, हिला वगळू का. माझ्या फाइलने हो म्हटलं."

"आणि तू काय करत होतास?"

"मला ऐकूच आलं नाही. मीच तशी सोय केली होती."

वहिनी म्हणाली, "म्हणजे घरच्यासारखंच."

त्यानंतर अबोला. इकडे साहेब म्हणायला लागले, एवढं काय, यंत्राचा तयार आवाज घाला. वहिनी पुन्हा रेकॉर्डिंगला आली ती नवऱ्यासाठी नाही. नवऱ्यावरच्या रागापेक्षा जावेचा राग मोठा, एवढं साधं गणित होतं. ऑफिसातल्या सामानाच्या खोलीत आम्ही दार लावून बसलो. माइक मी धरला, होयबा समोरच्या खोक्यावर. त्याचा फोन मी काढून घेतला होता.

वहिनीने सगळे मजले आणि दरवाजाची वाक्यं म्हटली. कुठे अडखळली नाही. संपल्यावर माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "बरं झालं का?"

मी मनात म्हटलं, आता हा हो म्हणणार आणि संसाराचे तीनतेरा वाजणार.

"नाही," तो म्हणाला. "पाचवा मजला घाईत म्हणालीस. आणि 'दरवाजा उघडत आहे' म्हणताना तुझा आवाज जरा दमल्यासारखा येतोय. आज दवाखान्यात गर्दी होती का?"

गर्दी होती, वहिनी म्हणाली, खूपच होती. मग डोळे पुसून मला म्हणाली की माइक बंद कर, आधी याला सांगते.