नत्थुजींची सायकल आणि जवसाचे तेल

देवाने नत्थुजी काळबांड्यांना पुष्कळ दिले. एक स्वस्थ बसणे तेवढे दिले नाही. अकोल्याच्या तेलगिरणीत त्यांची उभी उमर गेली, पण भिंतीला पाठ टेकलेले नत्थुजी कोणी पाहिले नाहीत. पहाटेचे नामस्मरण येरझाऱ्या घालत, आणि जेवणातला शेवटचा घास उठता उठता. असा हा माणूस, आणि त्याच्या या साऱ्या धावपळीला पुरून उरलेली त्याची काळी, उंच, जुन्या घाटाची सायकल. पुढे घंटी, मागे कॅरियर, आणि कॅरियरवर जमुनाबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यांची शिवलेली गादी.

जमुनाबाई म्हणजे त्यांची पत्नी. घर महानुभाव पंथाचे. दारी आलेल्याला दंडवत, मुंगीलाही वाट, आणि वर्षातून एकदा पंथाचे तीर्थ रिद्धपूर. श्रीप्रभूंच्या पावलांनी पुनीत झालेल्या त्या ओट्यांवर माथा टेकायला दोघे एसटीने जात, एसटीने येत. परतताना जमुनाबाई दर वेळी एकच म्हणायच्या : "देवाच्या घरी आपन गाडीत बसून काहून जातो? एकडाव आपल्या पायानं जाऊ ना. तुमी सायकल चालवा, मी मांगं बसतो." अकोल्याहून तो पल्ला फार. बोलणे दर वर्षी निघाले आणि दर वर्षी राहिले. मग एका उन्हाळ्यात जमुनाबाईच राहिल्या नाहीत.

लेक रूपाली वडिलांना अमरावतीला आपल्या घरी घेऊन आली. नत्थुजींनी बरोबर मागितली ती एक सायकल, ती मिळाली. आणि अमरावतीत उतरल्या दिवसापासून त्यांच्या जिवाला नवीच तळमळ लागली. इथून रिद्धपूर एका दिवसाच्या सायकलीवर! जे जन्मभर आवाक्याच्या पलीकडे वाटत होते, ते आता उंबरठ्याशी येऊन उभे होते. खिडकीपाशी जावे, परत यावे, सायकलीच्या सीटवर हात ठेवावा, पुन्हा खिडकीपाशी जावे. जमुना नाही, पण तिची गादी आहे. गादी तर नेता येईल.

आणि नेमकी तेव्हाच सायकल बोलू लागली. पायडलच्या प्रत्येक फेरीला कट्. चढावर कट्, उतारावर कट्. पायडलचे दोन्ही दांडे ज्या आडव्या एक्सलवर बसतात, तो एक्सलच चौकटीच्या पोटात डुलू लागला होता. एके सकाळी भर चौकात दांडा असा हिसडला की नत्थुजींचा पाय सुटला आणि ते बसच्या पुढ्यात पडता पडता वाचले. शेजारच्या मिस्त्रीने एक्सल धरून ठेवणाऱ्या दोन वाट्यांतली डावी वाटी खोलली, आत पाहिले, उजवी वाटी सोडवायला गेला; ती हलेना. त्याने हात झटकले. वाटी ज्यांवर फिरते ते चौकटीच्या आतले आटे गेले असणार, म्हणाला. चौकट भंगारात द्या.

रूपाली रागावली नाही. त्याहून अवघड, ती रडली. मग डोळे पुसून तिने अट घातली. "बाबा, अकोल्याले जा. आपले सायकलवाले दाऊदचाचा जे म्हनतीन ते शेवटचं. त्याईनं हो म्हटलं त जा सायकलनं रिद्धपूरले. नाई म्हटलं त सायकल विकायची, आन पुन्हा तिचं नाव घरात काढायचं नाई."

नत्थुजींनी मान डोलावली. शब्द दिला तो दिला. पण त्या घटकेपासून त्यांना अन्न गोड लागेना.

ओळखीचा पिंटू संत्र्याचा टेम्पो घेऊन अकोल्याला निघाला होता. माल उतरवून दुपारी परत फिरायचे, थांबायचे नाही, असे त्याने आधीच बजावले. संत्र्यांच्या क्रेटांना सायकल बांधून नत्थुजी निघाले, आणि जठारपेठेत दाऊदभाईंच्या दुकानासमोर उतरले.

या सायकलीची चाके आणि ब्रेक दाऊदभाईंच्याच हातचे. या एक्सलला मात्र त्यांना कधी हात लावू दिला नव्हता, आणि का, ते नत्थुजींनी कधी सांगितले नव्हते. आज दाऊदभाईंनी दांडे अडकवणारे कॉटर ठोकून काढले, दांडे उतरवले, डावी वाटी फिरवून बाहेर घेतली आणि एक्सल ओढला. बेअरिंगचे छर्रे खळखळून पडायला हवे होते. पडले नाहीत. ते काळ्या-तांबूस डिंकात रुतून बसले होते. काही गोल, काही चपटलेले, काहींवर खड्डे. दाऊदभाईंनी बोट लावले, वास घेतला, आणि वर पाहिले.

"नत्थुभाऊ, सायकलले तेल देत होते का भाजीले फोडनी?"

तेव्हा नत्थुजींनी नेम सांगितला. तरुणपणी गिरणीतल्या एका सोबत्याने त्यांना म्हटले होते की ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते. ज्या घरात मुंगीला वाट सोडतात, त्या घरच्या माणसाने चरबीवर पाय फिरवायचा? आणि त्याच सायकलीने देवाच्या दारी जाण्याच्या गोष्टी करायच्या? त्या दिवसापासून ग्रीस वर्ज्य. एक्सलवरच्या बारीक भोकातून दर पौर्णिमेला गिरणीतले ताजे जवसाचे तेल, आणि ते घालताना मुखी नाम. कधी चुकले नाही, कधी विसरले नाही. किती निर्मळ ती भावना! पण जवसाचे तेल वाऱ्याला लागले की वाळते, वाळले की चिकटते, चिकटले की रस्त्याची धूळ धरून ठेवते. वऱ्हाडची काळी माती वर्षानुवर्षे त्या तेलात कालवली गेली आणि तिने पोलाद उगाळून टाकले. ज्याने जन्मभर तेले ओळखली, त्यानेच आपल्या हाताने हे केले होते.

नत्थुजी फुटपाथवर गेले, परत आले. "म्हनजे म्याच खाल्ली का सायकल?"

एक्सल नवा मिळेल, छर्रे मिळतील, वाट्या मिळतील, असे दाऊदभाईंनी सांगितले. प्रश्न उजव्या वाटीचा होता. ती निघाली आणि आतले आटे शाबूत असले, तर सायकल जगली. आटे गंजून झडले असले, तर अमरावतीचा मिस्त्री खरा. ते निघाल्यावरच कळणार होते.

उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. ती विरुद्ध दिशेला फिरवावी लागते. दाऊदभाईंनी तशीच फिरवली. हलली नाही. रॉकेल सोडले आणि थांबायला सांगितले. थांबायला! नत्थुजींना! ते कोपऱ्यापर्यंत गेले, आले. पुन्हा गेले, आले. चहा मागवला आणि प्यायला विसरले. तिकडे पिंटूचा फोन आला की माल उतरला, निघतो आहे. नत्थुजींनी त्याची विनवणी केली. तो कुरकुरत कबूल झाला.

पुन्हा पाना लावला. हलली नाही. तेव्हा दाऊदभाईंनी चहावाल्याकडून किटलीभर उकळते पाणी आणवले, त्या जागेला फडके गुंडाळले आणि पाण्याची धार धरली. वाफ उठली, आणि वाफेबरोबर जवसाचा वास. त्या वासात नत्थुजींना तरुण जमुना दिसली, पौर्णिमेच्या दुपारी तेलाची वाटी धरून उभी असलेली, सांडू नोका म्हणणारी. पान्याच्या दांड्यावर लांब नळी चढली. "चौकट तुमी धरा," दाऊदभाई म्हणाले, "तुमच्याच हाताची सवय हाये तिले." नत्थुजी गुडघ्यांवर बसले. कधी न बसणारा माणूस बसला, आणि चौकट छातीशी धरून त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते.

आधी एक कुरकूर. मग सरकन् वाटी फिरली.

दाऊदभाईंनी चिंधी काठीला गुंडाळून आतले पुसले, चौकट उजेडाकडे धरली, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"गंज नाई," ते शेवटी म्हणाले. "एक ठिपका नाई. तुमच्या तेलानं छर्रे खाल्ले, पन आट्याईले हवा लागू देली नाई. त्याईच्यावर लेप होऊन बसलं."

पाहा, कसा तो कृपाळू! भक्ताची चूक त्याने चूक म्हणून ठेवली, आणि तिच्याच पोटात भक्ताची सायकलही राखली.

नव्या वाट्या आल्या, नवा एक्सल आला. मग दाऊदभाईंनी ग्रीसचा डबा उघडला, आणि नत्थुजींचा हात आपसूक आडवा गेला. मग दाऊदभाई सावकाश बोलले.

"माह्या अब्बाले बी हाच घोर होता. डुकराची चरबी असीन त, म्हनून ते ग्रीसले शिवत नव्हते. मी व्यापाऱ्याले पुसून पुसून हा डबा घेतो. जमिनीतल्या तेलाचा हाये, चरबी कोनाचीच नाई. याच हातानं मी घास घेतो, नत्थुभाऊ."

नत्थुजींनी त्या हाताकडे पाहिले. काळा, नखांत मळ भरलेला, सच्चा हात. मग त्यांनी आपलेच बोट डब्यात घातले आणि नव्या वाटीत ग्रीस फिरवले. दाऊदभाईंनी त्यात एकेक छर्रा बसवला.

पायडल फिरले. आवाज नाही. नत्थुजी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. कान मात्र ती कट् शोधतच होते, आणि ती नाही म्हणून जीव वेगळाच अस्वस्थ होत होता. त्यांनी रूपालीला फोन लावला आणि स्वतः काही न सांगता दाऊदभाईंच्या हातात दिला. अट तशीच होती.

"बेटा, जवसाच्या तेलानं छर्रे खाल्ले होते, आता ग्रीस भरलं. सायकल पास हाये," दाऊदभाई म्हणाले. "सवाराचं मी काय सांगू?"

पलीकडून रूपालीचा आवाज आला. "बाबाले म्हना, रविवारी निघू. मी स्कूटीनं मांगून येईन, पुढं येनार नाई. आन तेलाची बाटली घेऊ नोका म्हना."

पिंटूचा हॉर्न वाजला. त्याने नत्थुजींना आपल्या शेजारी बसायला बोलावले. ते बसले नाहीत. मागे रिकाम्या क्रेटांमध्ये सायकलीला धरून ते उभे राहिले. टेम्पो अमरावतीच्या रस्त्याला लागला. नत्थुजींचा एक हात कॅरियरवरच्या गादीवर होता, आणि दुसरा पायडल उलटे फिरवीत होता, थांबत होता, पुन्हा फिरवीत होता.