धुतलेले पाय

तो गुरुवार मला नेहमी पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. नव्या जालन्यातलं आमचं चर्च, उन्हं कलताना उघडी ठेवलेली दारं, वेदीपुढे बारा खुर्च्या आणि एक पितळी घंगाळ. घंगाळातल्या पाण्याचा उजेड छतावर हलत राहतो आणि मी पुन्हा वीस वर्षांची होते.

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूनं शिष्यांचे धुतले होते, म्हणून. आमच्याकडे मात्र ते बारा जण घरूनच पाय घासून येत. वडिलांची पाळी असली की आई वजरीनं त्यांच्या टाचा गुलाबी करी. मळका पाय फादरपुढे कसा ठेवायचा?

वडील छापखान्यात होते. त्यांनी घरी आणलेली वाया गेलेली पत्रकं वाचतच मी मोठी झाले. त्यामुळे राग आला की मला पत्रकच सुचे. त्या वर्षी लिहिलं: धुतलेले पाय धुणं ही भक्ती नाही, नाटक आहे. स्टेशनमागच्या नाल्या साफ करणाऱ्या आणि शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मावशीला त्या बारांत खुर्ची द्या. प्रती काढल्या, गीतांच्या पुस्तकांत घातल्या. फादरनी वाचलं आणि होकार दिला.

मी धावत मावशीकडे गेले.

"मला इचारलं का कुणी?" हातातला चहा खाली न ठेवता ती म्हणाली.

गुरुवारी मावशी तरीही आली. लुगडं कडक इस्त्रीचं आणि पायांना साबणाचा वास. माझा चेहरा पडला.

"मावशी, कामावरून तसंच यायचं होतं."

"तसंच म्हंजे? तुझ्या कागदासाठी घाण घिऊन येऊ का, पोरी?"

तिच्या शेजारच्या खुर्चीत तिचाच मुकादम बसला होता, दरवर्षीचा मानकरी. पायमोजे आधीच काढून ठेवलेले.

फादर गुडघ्यांवर बसले. पाणी पडताच मावशीनं ओठ दाबले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या. कातडी पांढरी, फुगलेली, मध्ये लाल चिरा. साबणानं निघणारी गोष्ट नव्हती ती. फादरचा हात तसाच थांबला.

"फादर," ती हळूच म्हणाली, पण पुढच्या बाकापर्यंत ऐकू आलं. "पाय धुतले, बरं वाटलं. पण उद्या पुन्हा नालीतच जायचं हाय. बूट पायजेत. आम्ही अकरा बाया हाओत."

"बूट कोण देतं?" फादरनी विचारलं.

तिनं शेजारी मुकादमाकडे पाहिलं. फादर घंगाळ घेऊन मुकादमापुढे सरकले आणि पाण्यात हात घालून तसेच बसून राहिले. मुकादमाचा कोरडा, गुळगुळीत पाय हवेत अधांतरी. बाहेर एक रिक्षा गेली.

"सोमवारी देतो," मुकादम म्हणाला.

मग फादरनी त्याचा पाय धुतला. इतरांचे धुतले तसाच, सावकाश.

सोमवार गेला, आठवडा गेला, मग बूट आले. सगळे एकाच मापाचे, मोठे. मावशीनं आत फडकं कोंबून चालून दाखवलं.

"मापाचे मागायला पायजेत," मी म्हणाले. "लिहू का?"

"ल्ही ना. पण छापायच्या आधी मला वाचून दाखव. म्या म्हनलं तिथं खोडायचं, बराबर?"

मी कागद काढला. ती पायरीवर बसली, बूट बाजूला काढून ठेवले आणि पायांना वारा लागू दिला.