जैसे थे मांडव

आमच्या दारापुढचं खळं कोणाचं, हा प्रश्न दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. खळं म्हणजे सारवलेली अंगणाएवढी जागा. एका बाजूला आमचं घर, समोर थोरल्या काकांचं. गाव किन्हवलीच्या अलीकडे. बाबा आणि काका सख्खे भाऊ, आणि दोघांचं डोकं एकाच मातीचं, म्हणजे दगडी. पहिल्या कोर्टात बाबा जिंकले, त्याच्या वरच्यात काका, हायकोर्टात पुन्हा काका. त्या निकालाच्या जोरावर काकांनी विटांचा ट्रक आणून खळ्याच्या कडेला ओतला. दिल्लीतही हरलो तर आमच्या उंबऱ्याला खेटून भिंत उभी राहणार, आणि आम्ही जन्मभर मागच्या दाराने, गोठ्यातून ये-जा करणार. आईने त्या विटांचा असा धसका घेतला होता की ती दार उघडताना आधी विटा मोजल्यासारखी बघायची आणि मग बाहेर पाऊल टाकायची.

नेमकं तेव्हाच माझं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडकडचा, मुहूर्त म्हशाची जत्रा उरकल्यावरचा. आमच्याकडे मांडवाची पहिली मेढ भावकीतला वडीलधारा पुरुष रोवतो, म्हणजे थोरले काकाच. त्यांना विचारायला बाबा काही केल्या जाईनात. शेवटी मीच गेले, तणतणत. लग्न माझं, आणि रुसवे या दोन म्हाताऱ्यांचे!

काका म्हणाले, "माझा खळा, माझी पुतणी. मेढ मीच रोवणार. तुज्या बापाला सांग, मधे लुडबुडू नको. आनी लगीन झाला का मांडव काढायचा. मंग भिंत."

काकांनी पहारीने खड्डा घेतला, हळदकुंकू वाहिलं आणि उंबराची मेढ ठोकून उभी केली. भावकीतल्या पोरांनी वर जांभळीचे डहाळे पसरले. बाबा आमच्या ओटीवरून बघत होते, म्हणजे बघत नाहीत असं दाखवत होते.

हळदीच्या आदल्या दिवशी दिल्लीची तारीख लागली. वकिलांनी मोबाइलवर लिंक पाठवली. आता गंमत बघा, आमच्या दोन्ही घरांत रेंज येत नाही. रेंज येते ती फक्त भांडणातल्या खळ्यात. आणि कोर्टातलं इंग्रजी कळणारी दोन्ही घरांत मी एकटी. त्यामुळे माझाच मोबाइल सुतळीने मेढीला बांधला आणि वादी-प्रतिवादी एकाच बाजल्यावर बसले. बाबांनी दाढी करून नवी टोपी घातली होती. शेणव्याहून दोन म्हातारे साक्षीदारही बोलावून ठेवले होते, धुतलेल्या सदऱ्यांत.

"बाबा, तिथे साक्षीदार लागत नाहीत," मी म्हटलं. "खालच्या कोर्टांत जे झालं त्याचे कागद वाचतात. कायदा लावताना कुठे चुकलं का, तेवढंच बघतात."

"मंग माणसा बघतच नाय?"

"नाही."

बाबांचं तोंड उतरलं. साक्षीदार मात्र चहा टाकला होता म्हणून थांबले.

आमच्याआधी एका फौजदारी अपिलाचं काम चाललं होतं. कोणी एक माणूस, कुठल्या मुलखातला देव जाणे, जन्मठेप भोगत होता. साक्षीदाराला अंधारात त्याचं तोंड दिसलं कसं, यावर वकील बोलत होता. न्यायाधीश पानं उलटत होते, मधेच थांबवून विचारत होते, पुन्हा मागचं पान काढत होते. मी जमेल तसं मराठीत सांगत गेले. काकीने पदर तोंडाला लावला. मग निकाल राखून ठेवला म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारलं. ते आमचं.

आमचं म्हणजे किती? काकीने बशीत कप ठेवेपर्यंत संपलं. वकिलांचा फोन आला : कोर्ट अपील ऐकायला तयार आहे, तोवर जैसे थे. खळ्यात काही बदल करायचा नाही.

"कायच हलवायचा नाय?" काका.

"कायच नाय," बाबा. कितीतरी वर्षांनी दोघांचं एकमत झालं.

काकी म्हणाली, "ता ऱ्हाऊ द्या. त्या मानसाचा काय झाला?"

लग्न दणक्यात झालं. मी मुरबाडला गेले आणि मांडव राहिला. कारण जैसे थे! मेढ उपटली तर सर्वोच्च न्यायालयाचा अपमान, ही दोन्ही घरांची पक्की समजूत. डहाळे वाळले, पावसाळ्यात बांबूंवर अळंबी उगवली, उरलीसुरली पानं गळून झोडणीच्या भातात मिसळली. काकीच्या कोंबडीने विटांत अंडी घातली, तर तिला उठवावं की नाही यावर दोन दिवस खल चालला. एस.टी.तून जाणारे लोक माझ्या सासूबाईंना विचारायचे, "सुनेचा लगीन मोडला काय? मांडव अजून तसाच!" सासूबाई फणकारायच्या आणि मी पोट धरून हसायची. एकदा माहेरी आले तेव्हा आईला म्हटलं, वकिलांना विचारू का, मांडव काढला तर चालेल का म्हणून. तिने माझा हातच धरला. "नको गो. मांडव हाय तवर भिंत नाय."

पुढची तारीख लागली तसा नवऱ्याने मला मोटारसायकलवरून माहेरी आणून सोडलं. पुन्हा तीच मेढ, तोच मोबाइल, तेच बाजलं. या वेळी काकांच्या वकिलाने एक फोटो पुढे केला. म्हणाला, बघा, आमच्या अशिलाच्या ताब्यातल्या जागेत धाकट्या भावाने जबरदस्तीने मांडव ठोकला आणि अजून काढत नाही.

मी ते मराठीत सांगितलं. बाबा लालबुंद झाले. पण त्यांच्याआधी काका उठले. मी "काका, माइक..." म्हणेपर्यंत त्यांनी मोबाइलवर बोट दाबलं होतं.

"ओ साहेब! खोटा हाय! मेढ मी रोवली. मी थोरला हाय. मी असताना दुसरा कोन रोवनार?"

मला वाटलं, आता पोलीस येतात. एका न्यायाधीशांनी चष्मा काढून पडद्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, आपण कोण? आणि शेजारी बसलेले कोण?

काकांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, "मैं थोरला. ये धाकटा. इसपेच केस है."

दोन्ही न्यायाधीश हसले. अगदी खळखळून! मग काकांचा वकीलही हसला, बिचाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. न्यायाधीश म्हणाले, एका मांडवात बसता, तर तिथेच ठरवा आणि लिहून पाठवा. आम्ही त्याप्रमाणे हुकूम करू.

फोन बंद झाला. बाबा मान खाली घालून टोपी चाचपत होते. म्हणाले, "दादा, वकिलाला खोटा कशाला पाडलास? जिंकला असतास."

काका उखडले. "जिंकायचा होता रे! पन मेढ तू रोवलीस असा कोन बोलेल तर मी ऐकू?"

मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही यायला लागलं. खळं दोघांचं सामाईक, असं लिहून गेलं आणि तसा हुकूम आला. मांडव काढला तेव्हा मेढ काकांनीच उपटली, रोवली त्यांनी म्हणून. काकी बाजल्यावर बसून होती. मला म्हणाली, "बघ ना तुज्या मोबाइलात, तो मानूस सुटला का." मला काही सापडलं नाही.

पुढल्या खेपेला माहेरी गेले तर आमच्या दारापुढे नवी कोरी पायरी होती, चांगली रुंद, विटांची. आई तिच्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"काकाने बांधली," ती म्हणाली. "बोलला, विटा उगीच पडून हायेत."