वाकलेला गर्डर

वर्कशॉपात तिला सगळे 'थर्मामीटर' म्हणत. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून ती आकडा सांगायची, आणि यंत्र लावलं तर दहा-वीस अंशांचाच फरक निघायचा. ही विद्या सासऱ्यांची. मुलाचं मन दुकानाच्या गल्ल्यावर रमलं, तेव्हा त्यांनी गॅसचा टॉर्च सुनेच्या हाती दिला होता.

इस्पितळाकडे जाणाऱ्या पादचारी पुलाला खालून उंच ट्रकची धडक बसली. माइल्ड स्टीलचा गर्डर वीतभर बाहेर फुगला आणि पूल बंद झाला.

"कापून नवा बसवावा लागेल. दोन महिने," इंजिनिअर म्हणाला.

वर्कशॉपातून बोलावून आणलेल्या तिने गर्डर इंच न् इंच चाचपला. "तडा नाही. कापायचा कशाला? दोन दिवसांत सरळ करून देते."

तिने आधी खाली टेकू लावून घेतले. "लाल झालं की निम्मा जोर गेलाच समजा. तेवढा वेळ भार टेकूंनी घ्यायचा." मग फुगवट्यावर खडूने त्रिकोण आखला आणि तो मंद लाल होईतो तापवला.

वाक मोजायला गर्डरच्या बाजूने सरळ ताणलेल्या दोरीकडे पाहत इंजिनिअर ओरडला, "अहो बाई, फुगवटा वाढतोय!"

"वाढणारच. तापलं की पसरतं. खरं काम गार होताना."

त्याचा चेहरा पडला. लाली उतरून लोखंडावर निळसर झाक आली, तसा मुकादम घण घेऊन पुढे सरसावला. "दोन घाव घालतो, लवकर बसेल."

तिने त्याचं मनगट धरलं. "मामा, लाल असताना ठोका, गार झाल्यावर ठोका, पण या अर्धवट गरमीत नको. आता ते ठिसूळ असतं, तडकेल."

"मग पाणी मारू?"

"काही मारायचं नाही. बसा."

सगळे बसले. इंजिनिअरची नजर दोरीवरून हलेना. तासाभराने तो उठला, पट्टी लावली, पुन्हा लावली. तापवण्याआधी होता त्याहून फुगवटा दोन बोटं कमी झाला होता.

असे पाच त्रिकोण तापवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोरी गर्डरला या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटली. वाळूची पोती रचून पूल तपासला, तेव्हा तो भाराने जरासा लवला. पोती काढताच तो होता तसा वर आला. चौथ्या दिवशी माणसं ये-जा करू लागली.

"आमच्या ऑफिसातल्या चौघांना शिकवाल?" इंजिनिअरने विचारलं.

"पाठवा की. पण आधी महिनाभर नुसतं बघायचं. वह्या नंतर."